हळदीच्या दिवसाची फाईल

टाळ्या थांबल्या की मला करमत नाही. हा दोष जुना आहे. शाळेच्या नाटकात मला द्वारपालाचं काम मिळालं होतं, संवाद एकही नाही. मी भाला घेऊन तीनदा रंगमंचावर आलो आणि त्यातल्या दोन वेळा नाटकाला माझी गरज नव्हती. असा माणूस पुढे लिनक्सचे सर्व्हर सांभाळायला लागला. या धंद्यात प्रेक्षक मिळत नाहीत. सगळं नीट चालत असेल तर कोणाला तुमची आठवण नसते, आणि बिघडलं की सगळे एकदम आठवण काढतात. त्यामुळे एकदा प्रेक्षक मिळाले तेव्हा मी काय केलं, ते सांगायला हवं. सांगताना मला मजा येणार आहे हे मला माहीत आहे, आणि तीच यातली सगळ्यात लाजिरवाणी बाब आहे.

जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात मी कामाला आहे. बंदरातून उतरलेले रिकामे-भरलेले डबे आमच्याकडे येतात, थांबतात, डागडुजी होऊन पुढे जातात. फाटकातून डबा आत आला की त्याच्या नंबरासोबत त्याची अवस्था लिहून ठेवायची. हे लिहिण्याचं काम एक ताई करायच्या. वय पन्नाशीचं, माझ्याएवढंच. गाव जवळचंच. त्यांच्या सासऱ्यांची भातशेती होती तिथं आता आमची क्रेन उभी असते, हे त्या मला कधीतरी क्रेनकडे बोट दाखवून सांगायच्या. तक्रार म्हणून नव्हे, पत्ता सांगावा तसं.

ताई खुर्चीत बसून शेरे लिहीत नसत. खाली उतरायच्या, डब्याभोवती फिरायच्या, दार उघडून आत वास घ्यायच्या आणि वर येऊन मराठीत टाईप करायच्या. 'डाव्या कुशीला पोचा, म्हशीनं ढुसल्यासारखा.' 'आत मिरचीचा खकाणा, नाक बांधून जाणे.' 'मधली फळी मऊ झालीय, पाय देऊ नये.' डागडुजी करणारे कामगार सगळे आसपासच्या गावांतले. छापील यादीत हा शेरा वाचला की त्यांना डबा न बघताच दिसायचा.

ती यादी बनवायची माझी स्क्रिप्ट. नऊ वर्षांपूर्वी मीच लिहिली. ती रोज सकाळी आदल्या दिवसाची फाईल घेते, त्यातल्या प्रत्येक डब्याचा नंबर जुन्या भल्यामोठ्या फाईलमध्ये शोधते आणि हा डबा आधी कधी आला होता, तेव्हा ताईंनी काय लिहिलं होतं, ते समोर मांडते. जुना पोचा कोणता आणि नवा कोणता, ते त्यावरून कळतं. यादी हातात आल्याशिवाय एकही ट्रेलर हलत नाही. सुरुवातीला माझा चहा संपायच्या आत यादी तयार असायची. मग चहा आणि पेपर. मग चहा, पेपर आणि शब्दकोडं. शेवटी शेवटी चाळीस मिनिटं लागायला लागली आणि बाहेर रस्त्यावर ट्रेलरांची रांग हॉर्न वाजवायला लागली.

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बॉस, प्रॉब्लेम काय आहे? सर्व्हर बदलू का? नवीन घेऊ?"

मी म्हणालो, "साहेब, दोन दिवस द्या. कारण काढतो."

कारण मी दोन तासांत काढलं. किंवा कारण मला आवडलं, असं म्हणू या. मी कुठंतरी वाचलं होतं की इंग्रजी अक्षर कॉम्प्युटरच्या पोटात एक जागा घेतं आणि मराठी अक्षर तीन. शोधणाऱ्या आज्ञेला अशा मजकुरात जास्त कष्ट पडतात. हे खोटं नाही, थोडासा फरक खरोखर पडतो. पण मला हवा होता मोठा फरक, कारण छोट्या फरकाला कोणी टाळ्या वाजवत नाही.

मग मी पुरावा शोधला. ताई रजेवर असल्या की दुसरा कोणीतरी मोडक्या इंग्रजीत दोन-दोन शब्द लिहायचा. म्हणजे रजेच्या दिवसाची फाईल बिनमराठी. अशी एक फाईल घेतली, स्क्रिप्ट चालवली. साडेतीन मिनिटं! मी खुर्चीतून उठून एक गिरकी घेतली.

सोमवारच्या मीटिंगला मी सगळ्यांना सर्व्हरचा पडदा भिंतीवर मोठा करून दाखवला. आधीच चालवून ठेवलेल्या मराठी फाईलची वेळ दाखवली, चाळीस मिनिटं. मग म्हणालो, "आता बघा, तीच स्क्रिप्ट, तोच सर्व्हर, फक्त शेरे इंग्रजी." खिशातून वडिलांचं जुनं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पडद्यावर कोपऱ्यात वेळ दिसत असते, घड्याळाची काही गरज नव्हती. साडेतीन मिनिटं मी त्या खोलीला श्वास रोखून धरायला लावलं. यादी पूर्ण झाली आणि टाळ्या पडल्या.

ताईही तिथंच होत्या, दाराजवळच्या खुर्चीत. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे माझ्या लिवन्यानं एवढा अडला होता काय?"

मी हसून म्हणालो, "तुमच्या नाही हो ताई, आपल्या भाषेच्या. भाषाच आपली भारदस्त!"

सगळे हसले. त्या पण हसल्या.

पुढच्या आठवड्यात शेरे बंद झाले आणि कोड आले. पोचा असेल तर एक कोड, गंज असेल तर दुसरा, फळीला काही झालं असेल तर तिसरा. कोड निवडायला डब्याभोवती फिरायची गरज नव्हती, कोणीही फाटकावरच्या कॅमेऱ्यात बघून निवडू शकत होतं. मग ताईंची काय गरज? त्यांना फाटकाच्या पत्र्याच्या केबिनमध्ये ड्रायव्हर लोकांना पास द्यायला बसवलं. त्या आपली गादी आणि देवीचा छोटा फोटो घेऊन गेल्या. जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या. "भाऊ, आता कंपूटर फास चालंल ना तुमचा?"

"चालेल ताई."

चाललं नाही. कोड येऊनही यादीला अडतीस मिनिटं लागली, मग एकोणचाळीस. साहेब विचारायला आले तेव्हा माझ्याकडे उत्तर तयार होतं. अशा माणसांकडे ते नेहमी तयार असतं. मी म्हणालो, "आजचे शेरे इंग्रजी झाले, पण शोध जुन्या फाईलमध्ये होतो ना! तिथं अजून नऊ वर्षांचं मराठी भरलंय."

"मग काढून टाक ना यार," साहेब म्हणाले. "नंबर आणि तारीख ठेव. बाकी उडव."

तेवढ्यात त्यांना फोन आला म्हणून ते गेले. ताईंची खुर्ची मी घालवली होतीच, आता त्यांनी नऊ वर्षं लिहिलेलं सगळं पुसायचं होतं, आणि हा सल्ला एका अर्थानं माझाच होता. तरी मी दोनच महिने चालढकल केली, त्याहून जास्त नाही. एका दुपारी जेवून आलो आणि उडवायला बसलो.

पुसण्याआधी फाईल एकदा बघावी अशी माझी सवय आहे. बघताना वाचत गेलो. 'रंग नवा, आत जुना, फसू नये.' 'छतावर कावळ्याचं घरटं होतं, आधी खाली ठेवलं, मग डबा घेतला.' 'दार लावताना दोन माणसं लागतात, एकट्यानं मस्ती करू नये.' तासभर गेला. काही जागी मी मोठ्यानं हसलो. पुसायची आज्ञा टाईप करून झाली होती, फक्त बटण दाबायचं होतं. मी बोट उचलून दुसरी एक खिडकी उघडली आणि त्या मीटिंगमधल्या दोन्ही फाईलींच्या ओळी मोजल्या. का मोजल्या ते मला आजही सांगता येणार नाही. कदाचित बटण दाबायचं लांबवायला काहीतरी हवं होतं.

ओळी मोजायची आज्ञा दोन-तीन अक्षरांची आहे. या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात. मराठी फाईल, एक हजार त्रेचाळीस ओळी. बिनमराठी फाईल, अठ्ठ्याऐंशी.

अठ्ठ्याऐंशी डब्यांना साडेतीन मिनिटं आणि हजार डब्यांना चाळीस. भागाकार तिसरीतल्या मुलालाही जमेल. एका डब्याला दोन्हीकडे जवळजवळ सारखाच वेळ लागत होता. मराठीचा काही संबंधच नव्हता.

पण एखाद्या दिवशी अठ्ठ्याऐंशीच डबे का यावेत? मी तारीख बघितली. तो ताईंच्या मुलीच्या हळदीचा दिवस होता. आमच्या भागात गावात हळद असली की यार्डात कोणी राहत नाही. क्रेनवाला नवरीचा मामा असतो, डागडुजीवाले मांडवाला बांबू लावत असतात, फाटकावरचे दोघे तांदूळ निवडत असतात. त्या दिवशी यार्ड जेमतेम चाललं होतं. आणि हे मला माहीत असायला हवं होतं, कारण मी स्वतः तिथं होतो! दुपारी अंगणातल्या मांडवात बसलो होतो. म्हाताऱ्या धवलारणी लग्नाची गाणी म्हणत होत्या, त्यांच्या मागोमाग मी शब्द येत नसताना सूर लावत होतो आणि बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. ताईंनी मला हाताला धरून पंगतीत बसवलं होतं. मटण, वडे, तांदळाची भाकरी. मी दोनदा वाढून घेतलं होतं. आणि त्याच दिवसाची फाईल घेऊन मी त्यांना त्यांच्या खुर्चीवरून उठवलं होतं.

खरं कारण सापडायला मग दहा मिनिटंही लागली नाहीत. स्क्रिप्ट पुन्हा चालू केली आणि सर्व्हरवर कोणतं काम चालू आहे हे दाखवणारी यादी उघडली. एकच शोध सतत जन्माला येत होता, मरत होता, पुन्हा जन्माला येत होता. माझी स्क्रिप्ट प्रत्येक डब्यासाठी जुनी फाईल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत नव्यानं वाचायची. उरणच्या पोस्टमननं एक पत्र घेऊन जासईला यावं, ते देऊन परत उरणला जावं, दुसरं घेऊन पुन्हा यावं, तसं. हजार पत्रं, हजार खेपा. नऊ वर्षांपूर्वी रस्ता छोटा होता म्हणून कळलं नाही, फाईल रोज वाढत गेली तसा तो लांबत गेला. एवढा गाढवपणा मीच लिहिला होता आणि वर ऐटीत स्वतःचं नाव टाकलं होतं.

मी ते बदललं. जुनी फाईल एकदाच वाचायची, सगळं लक्षात ठेवायचं, मग हजारही डबे त्या आठवणीतून काढायचे. चालवलं. अकरा सेकंद. नऊ वर्षांच्या मराठीसकट अकरा सेकंद.

पुसायची आज्ञा मी पुसली. हे एक चांगलं केलं. त्यानंतर जे केलं ते असं.

साहेबांना सांगितलं, "साहेब, जुनं काही उडवायची गरज नाही. नवीन टेक्निक लावलंय. अकरा सेकंद." साहेबांनी माझ्या पाठीवर जोरात थाप मारली, मुख्य ऑफिसला माझं कौतुक करणारा मेल पाठवला आणि मीटिंगमध्ये पुन्हा टाळ्या झाल्या. मी उठून, छातीवर हात ठेवून, वाकलो. या वेळी ताई तिथं नव्हत्या, त्या फाटकावर होत्या.

खरं सांगायला मी फाटकावर गेलो, नाही असं नाही. पत्र्याची केबिन, दुपारचं ऊन, टेबलपंखा गरम हवा फेकत होता. मी म्हणालो, "ताई, एक बोलायचं होतं."

"आदी ह्ये घ्या." त्यांनी खालून पिशवी काढली. "मोरा बंदरावरून सुका जवला आनलाय. वैनींना सांगा, कांदा जास्त टाकायचा. आनि अभिनंदन हां भाऊ! अकरा सेकंद म्हनं! मना मुकादमानं सांगितला. माझ्या अक्षरांनी लय तरास दिला तुमाला."

मी पिशवी घेतली. "बोला ना, काय बोलायचा होता?" त्या म्हणाल्या.

"काही नाही," मी म्हणालो. "पंखा दुसरा मागवू का, ते विचारायला आलो होतो."

घरी जवळा झाला. कांदा जास्त टाकून. चव सुंदर होती, ती नव्हती असं सांगून मला सहानुभूती मिळवायची नाही. जेवताना बायकोला सगळं सांगितलं, तेसुद्धा रंगवून, आवाज काढून. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "आणि हे तू अजून त्यांना सांगितलं नाहीस?" मग उठून माझं ताट घासायला घेऊन गेली. माझं जेवण अर्धं राहिलं होतं.

तरी मी आणखी दोन आठवडे काढले. मग डागडुजीवाल्यांच्या मुकादमाचा पाय फळीत गेला. एका डब्याची मधली फळी कुजलेली होती. यादीत फळीचा कोड होता, पण तोच कोड ओरखड्यालाही होता आणि तोच कुजक्या फळीलाही. मुकादम आत शिरला, फळी मोडली, पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. हाड शाबूत राहिलं, नडगी सोलवटली. पट्टी बांधून तो लंगडत फाटकाशी आला तेव्हा मी दुरुस्तीला पाठवायच्या प्रिंटरचा पास घ्यायला तिथं उभा होतो. तो ताईंना म्हणाला, "वैनी, तू असतीस तं लिवला असतास, पाय नको देऊस म्हनून."

ताई म्हणाल्या, "माझ्या लिवन्यानं कंपूटर अडतो रे बाबा. भाऊंनाच विचार."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. मी पास घेतला आणि आलो.

त्या सोमवारी मी पुन्हा भिंतीवर पडदा लावला. ताईंना फाटकावरून बोलावून घेतलं, दाराजवळ नव्हे, पुढच्या खुर्चीत बसवलं. घड्याळ काढलं नाही. आधी ताईंची हजार ओळींची मराठी फाईल नव्या स्क्रिप्टवर चालवली, अकरा सेकंद. मग कोडची फाईल जुन्या स्क्रिप्टवर लावली आणि ती चालू असताना बोलायला सुरुवात केली. चाळीस मिनिटं होती हाताशी. दोन फाईली, ओळींचे आकडे, हळद, पोस्टमन, सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला बोलताना खोली शांत नको होती.

साहेब म्हणाले, "म्हणजे प्रॉब्लेम मराठीचा नव्हताच?"

"नव्हता. माझा होता."

"अरे, मग हेड ऑफिसला मी मेल टाकला तो?"

"त्यावर मी उत्तर लिहिलंय. सगळ्यांना जाईल. तुम्ही वाचा, मग पाठवतो."

साहेबांनी वाचलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "पण आता कोड सेट झालेत यार. लोक शिकलेत."

मुकादमानं मागच्या रांगेतून पट्टी बांधलेला पाय शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. साहेबांनी पायाकडे बघितलं, मग ताईंकडे. "ठीक आहे. कोडपण राहू दे, शेरापण राहू दे. ताई, उद्यापासून वर बसा."

ताई माझ्याकडे वळल्या. "हलदीच्या दिवसाची फाईल?"

"हो."

"माझ्या पोरीच्या?"

"हो, ताई."

"मटन दोनदा घेतलाव तुमी."

खोलीत कोणी हसलं नाही. मीही नाही. त्या उठल्या आणि गादी आणायला फाटकाकडे गेल्या. मी मागे गेलो, म्हणालो मी आणतो. त्यांनी गादी माझ्याकडे दिली. फोटो मात्र स्वतः घेतला.

याला आता काही महिने झाले. मी ऑफिसात कसलीही घोषणा करायला तोंड उघडलं की पलीकडच्या टेबलावरून प्रश्न येतो, "लायनी मोजल्या काय?" मी मोजलेल्या असतात. तरी पुन्हा मोजतो.

पण ते कोडचे तीन महिने जुन्या फाईलमध्ये तसेच आहेत. वरखाली ताईंचे शेरे, आणि मध्ये पानंच्या पानं नुसते कोड. तेव्हा आलेल्या डब्यांना काय झालं होतं ते आता कोणालाच कळायचं नाही. त्यातला एखादा फिरून परत आला की यादीत त्याच्यापुढे कोड दिसतो, आणि ताई हाक मारतात, "भाऊ, तुमचावाला आलाय."

मग मी उन्हात खाली उतरतो. डब्याभोवती फिरतो, दार उघडून आत वास घेतो, फळीवर आधी काठी आपटतो. वर येऊन ताईंसमोर उभा राहून सांगतो. परवा म्हणालो, "उजव्या बाजूला, खालच्या भागात, मध्यम आकाराचा पोचा."

"मध्यम म्हंजे?"

"म्हणजे... साधारण ताटाएवढा."

"ढुसलाय का घासलाय?"

मी खिडकीतून खाली डब्याकडे बघितलं.

"जावा, बगून या," ताई म्हणाल्या, आणि मी पुन्हा खाली उतरलो.